बुट्टी

नवा आलास म्हणून सांगतो,
ह्याला भोक म्हणायचं नाही, भोक जमिनीत असतं.
हा खांब, खांबाला वर कडं,
कड्याला लोंबत्या साखळ्या
आणि साखळ्यांच्या पोटाखाली बुट्टी.
धाकट्या साहेबांनी कागदावर इंग्रजी नाव लिहून दिलं होतं.
वेल्डिंग करता करता रेमेत म्हणाला, ही तर बुट्टी.
भरमाप्पा कानडीतून म्हणाला, बुट्टीच की.
ह्या आवारात एका तरी गोष्टीचं नाव
पाटी न फुटता ठरलं.

शाळेला बुट्टी मारली की छडी मिळायची.
इथं मारलीस तर हरणारा चहा पाजतो.

नऊ आहेत. जागाच तेवढी.
साखळ्या जुन्या क्रेनच्या, भंगारात निघालेल्या,
अर्धा टन उचलायच्या त्या,
आता पावशेराची तबकडी अडवतात
आणि केवढा आवाज करतात बघ.

पहिली कॅन्टीनमागं.
दुसरी काळ्या वाळूच्या ढिगापलीकडं,
साच्यातून जळून आलेली वाळू ती,
तबकडी तिच्यात रुतली तर पुसून घे,
नाहीतर हातातून निसटते.
तिसरीला निलगिरीच्या दोन रांगा.
झाडाला लागली तर झाडाला शिव्या द्यायच्या नाहीत,
ते आपल्याआधी कामाला लागलंय.
चौथी, पाचवी सोप्या. सांगण्यासारखं काही नाही.

तो बघ सिद्राय.
फेटलिंगला सव्वीस वर्षं, ग्राइंडर धरून धरून
बोटं कापतात, बशीतला चहा कपड्यावर सांडतो.
पण त्याच्या हातातून तबकडी सुटली
की पाण्याच्या पातळीसारखी सपाट जाते.
कसं काय, मी विचारलं होतं.
म्हणाला, इथं सोडायचं असतंय बे,
धरायचं कुठं असतंय.

सहावी मात्र जपून.
चार वाजता पश्चिमेचं वारं सुटतं,
तबकडी आधी शहाण्यासारखी जाते,
मग एकाएकी कुंपणाकडं वळते.
भिंतीपलीकडं बाळव्वाचं रान,
नवलकोल, कोथिंबीर, कडेला थोडा भात.
भिंत ओलांडली की एक गुण दंड
आणि ओरडायचं नाही. आपली चूक, रान तिचं.
गेल्या वर्षी लाल तबकडी अशीच गेली.
तीन दिवसांनी बाळव्वा गेटवर आली,
धुऊन, पदरानं पुसून आणलेली.
म्हणाली, तुमचं झाकण घ्या बाबा,
ताकाच्या मडक्यावर काय झ्याक बसूलालंय!
रेमेतनं आमच्याकडं बघितलं.
आम्ही सिद्रायकडं.
तेव्हापासून आमच्यात लाल तबकडी नाही.
उन्हाळ्यात कधी कधी गेटवर ताक येतं.

सातवी ऑफिसच्या खिडकीसमोर,
तिथं हळू बोलायचं,
हिशोबाच्या बाई महिनाअखेरीला कावतात.
परवा मात्र त्याच चपला काढून उभ्या राहिल्या,
एकदाच फेकली, साखळी वाजली,
आणि कुणी काही म्हणायच्या आत
परत आत जाऊन बसल्या.
त्यांचं नाव वहीत लिहायचं की नाही
हे अजून ठरलं नाही.

आठवी भट्टीच्या भिंतीला लागून,
तिथं थंडीत सगळे उगाच रेंगाळतात.

नववी गेटजवळ.
वही वॉचमन इर्शादभाईकडं असते,
गेटपासच्या खाली.
रात्री वाऱ्यानं साखळ्या वाजल्या
की तो टॉर्च घेऊन उठतो,
बुट्टीत उजेड टाकतो.
पाला असतो, एखादवेळी मांजर.
तरी परत येऊन वहीत रेघ मारतो,
वाऱ्याच्या नावापुढं.

आज सकाळी बघितलं,
वारं माझ्यापुढं अकरा रेघांनी आहे.
चल, ही निळी घे.
अंगठा वर ठेव. घट्ट नको.