बारा चोवीस

मालगाडी आली की आमच्यात सगळ्यांनाच गप्प बसावं लागतं.
अठ्ठावन्न डबे. मी मोजते, सवयच आहे.
भुसावळच्या कंट्रोल ऑफिसात एकतीस वर्षं
दोन कानांना दोन फोन,
एकात खंडवा, एकात मनमाड,
दोघंही एकाच वेळी चिडलेले.
म्हणून ह्यांनी मला अध्यक्ष केलं.
घंटा नाही. लाकडी पट्टी आहे एक फुटाची,
फार झालं की ती टेबलावर आपटायची.

जागा : जामनेर रोडवरचं बंद पडलेलं टायपिंग इन्स्टिट्यूट.
भिंतीवर अजून कळफलकाचा तक्ता,
त्यात ळ कुठे बसतो
ह्यावरूनच पहिल्या रविवारी जुंपली.

मग काय काय नाही झालं.
जनगणनेत मातृभाषा कोणती लिहायची,
फेगडे मास्तर म्हणाले, बोली ती बोली, भाषा ती भाषा.
हिरामण म्हणाला, मले माय मारे
तवा कोनत्या भाषेत मारे, ते सांगा आधी.
आरक्षणावर चार रविवार.
राखेवर दोन : वाळत घातलेल्या पापडांवर बसते ती कुणाची?
टिश्यूच्या केळीला आई असते का, ह्यावर एक,
तो फार चांगला गेला.
सपकाळे रागानं उठून गेले,
चप्पल राहिली म्हणून परत आले
आणि तासभर बोलले, चप्पल हातातच.

सिकंदर तडवी एवढंच विचारायचा : पुरावा?
त्याला सगळे टरकून.
एका रविवारी बऱ्हाटे म्हणाले,
तू आधी ठरव, भिल्ल की मुसलमान,
मग आमच्याकडे पुरावे माग.
सिकंदरनं चष्मा काढला, पुसला,
पुसतच राहिला.
मी पट्टी आपटली. उशिरा आपटली.
कंट्रोलमध्ये इतक्या उशिराला चौकशी बसते.
इथं कुणी बसवली नाही.

मे महिना. कूलरमध्ये पाणी संपलेलं.
प्रज्ञा तायडे, बी.एस्सी. दुसरं वर्ष,
म्हणाली, सव्वीस तारखेला बारा चोवीसला
आपली सावली जाईल.
कुठे जाईल? मास्तर.
पायाखाली.
सावली कुणाला सोडत नसते, पोरी.
चला ना मग गच्चीवर.

गेलो. खिशात कांदे, डोक्यावर ओले पंचे,
चटका चपलेतून वर येणारा.
प्रज्ञानं माझी पट्टी उभी केली,
दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा धरला.
एरवी आडवी आपटायची वस्तू,
उभी केल्यावर केवढीशी दिसली.
बऱ्हाट्यांनी छत्री उघडली होती, ती मिटायला लावली.
हिरामण स्वतःची सावली शोधत म्हणाला,
माझी जायची नाही, पोट आडवं येतं.
कुणी हसलं नाही. सगळे खाली बघत होते.

आणि ती आत आत सरकत गेली,
पट्टीच्या बुडाशी आली,
आणि नव्हती.
सिकंदर गुडघ्यावर बसला, गाल फरशीला लावून
चारी बाजूंनी बघितलं.
हं, म्हणाला.

तेव्हाच बऱ्हाटे त्याच्याशेजारी वाकले,
मिटलेली छत्री काखेत,
आणि काहीतरी बोलले.
नेमकी तेव्हाच मालगाडी.
ओठ हलताना दिसले. लांब वाक्य होतं,
मध्ये एकदा अडखळलं.
दोन फोन एका वेळी ऐकणारी मी,
एक शब्द लागला नाही.
डबे मोजत होते, तेही चुकले.

गाडी गेली तेव्हा
पूर्वेला नखाएवढी सावली निघाली होती.
सिकंदर उठला, गुडघे झटकले,
बऱ्हाट्यांकडे बघितलं की नाही, सांगता येत नाही,
ऊन फार होतं.

जिना उतरताना फेगडे मास्तर थांबले.
पण ती गेली होती,
की आपल्याला दिसत नव्हती?
पुरावा, म्हणाला हिरामण.
पट्टी वरच राहिली. मी आणायला परत चढले.
तापली होती, हातात धरवेना.