धुतलेली प्रत

तार दिसते आता.
उडत्या तबकडीला बांधलेली, नायलॉनची,
आमच्या गळाला असते तसली.

हर्णैत, बर्फ कारखान्यामागच्या शेडमध्ये
सुलेमान परकारने कुवेतहून आणलेल्या व्हीसीआरवर
दोन रुपयांत पाहिला होता हा सिनेमा.
खाऱ्या हवेनं कॅसेटला बुरशी धरलेली,
पडद्यावर मुंग्या, मुंग्यांत काहीतरी हलणारं.
त्याला किती हात होते यावरून
मी आणि यशवंत पावसे मारामारीवर आलेलो.

आज मोजले. दोनच.
रबरी अंगरखा, पाठीवर चेन,
आणि डोळ्यांच्या भोकांतून
घामाघूम झालेला एक माणूस
कधी एकदा सुट्टी होते याची वाट बघतोय.

भाचा म्हणतो, मामा, एकेक चौकट धुऊन काढलीय.
खरंय.
कोलंबी सोलावी तसा अंधार सोललाय,
काळा धागासुद्धा ठेवला नाही आत.

शेवट तेव्हा राहिलाच.
राक्षस दारात आला आणि वीज गेली.
सुलेमान म्हणाला, उद्या या.
उद्या कॅसेट परत दापोलीला.
पुळणीवरून घरी निघालो, ओल्या वाळूत पाय पडला
आणि लाट निळी पेटली.
मी पळालो.
यशवंत वाकून, ओंजळीत घेऊन बघत राहिला.

तर शेवट असा:
विजेचा झटका देऊन मारतात त्याला,
दीड मिनिटात.

यशवंतला फोन लावला. बोट शाकारत होता.
सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं,
हात किती रे?

म्हटलं, नीट दिसत नाही अजून.