आईच्या हातचं

लिटल रॉकमध्ये, पार्किंगचे दहा डॉलर मोजून,
ओपल आत शिरली भाचीच्या दंडाला धरून.
भिंतभर डुएन हॅस्केट,
बाह्या सरसावलेला,
टीव्हीवर हसतो तस्साच.
मेनूकार्डावर पहिलंच नाव:
आईच्या हातचा मीटलोफ. सव्वीस डॉलर.

ओपलनं चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

जोलीन हॅस्केट, पलीकडच्या ट्रेलरमधली.
कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी.
सकाळी परतायची ती बोटं आखडलेली,
रबरी बूट पायरीवर काढून
तशीच आडवी व्हायची, अंगावरच्या वासासकट.
पोरगं त्या बुटांशेजारी बसून
खोक्यातले कॉर्नफ्लेक्स कोरडेच खायचं,
दूध मिळालं तर शनिवारी.
मीटलोफ कसला नि काय!
त्या घरातला ओव्हन
स्वेटर ठेवायच्या कामाला होता.

"कसं आहे, मावशी?"
ग्रेव्ही दाट. कांदा सबुरीनं परतलेला.
वरचा टोमॅटोचा थर कडेला जरा करपलेला,
म्हणजे करपू दिलेला.
"खोटारडा," ओपल म्हणाली,
पण घास गिळून झाल्यावर.
मग पावानं ताटली पुसून घेतली.

वेटर आला, कोवळा, कानात बाळी.
"शेफसाठी काही निरोप?"
"येतो का तो इथे?"
"वर्षातून एकदा. फोटोपुरता."
"मग सांग, मीठ कमी पडलंय.
आणि म्हणावं, जोलीनला जर..."
ती थांबली. उरलेला तुकडा
डब्यात भरायला पुढे सरकवला.
"राहू दे. मिठाचंच सांग."