उघाडी

बांधावरची उघाडी चौतीस वर्षं ह्यांच्या हातात होती.
भरतीला फळी खाली, सुकतीला वर.
खाजणातलं पाणी बाहेर सोडायचं,
खारं आत येऊ द्यायचं नाही.
एवढंच काम. पण आंजर्ल्याची खाडी
कोणाच्या झोपेला विचारत नाही,
रोज पाऊण तास पुढे सरकते.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ.
द्वादशी, नऊ. म्हणजे सुकती पहाटे तीनला.
तीनला बॅटरी, घोंगडी, चिखलाला एक शिवी,
आणि परत आल्यावर माझ्या पोटरीला
त्यांचे गार पाय.
झोप कायम सुट्ट्या पैशांत मिळाली,
अखंड नोट कधी नाहीच.

मागच्या चतुर्थीला म्हणाले, "भरती पाचला."
मी तीन म्हटलं, तर भांडले.
मग एकदा फडताळापुढे उभे,
काय शोधतोय तेच हरवलेलं.

दापोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"दिवसभराचं साचलेलं मेंदू झोपेत बाहेर टाकतो, रावजी.
वय झालं की झोप पातळ होते. त्यात जागरणं."
हे तोवर पंख्याकडे बघत होते.
"म्हणजे उघाडी," म्हणाले.
बाई हसल्या.
हे नाही हसले.

गजराचं घड्याळ मी तांदळाच्या पिंपात पुरलं.
फळी पुतण्याकडे दिली.
चारनंतर चहा मागतात, मी आगळाचं सरबत पुढे करते
आणि बोलणी खाते.
दुपारी अर्धा तास, वर नाही.
घोरायला लागले की कुशीवर वळवते,
होडी डांबरायला कलती करावी तशी, खांदा लावून.
तरी तीनला उठून बसतात.
"फळी?"
"रोशन गेलाय."
"त्याला खीळ सापडेल?"
"सापडेल. निजा."
मग पाठ थोपटते,
सत्तरी ओलांडलेल्या पुरुषाची पाठ.

काल दहाला निजले
ते कावळ्यांनी उठवले.
अंगणात आले, आभाळाकडे बघून म्हणाले,
"द्वादशी. नऊ. सुकती तीनला."
माझा झाडू थांबला.

चहा पिताना म्हणाले,
"शेवंते, साखर कमी गं."
शेवंता त्यांची बहीण. जाऊन सोळा वर्षं झाली.

मी साखर घातली.
डोळे चुरचुरत होते.
तीनला फळी कुरकुरली
तेव्हा मी जागीच होते.