रुळाला तेल नको

ग्रीनॉकमध्ये घरं उभी नसतात,
टेकडीला टेकलेली असतात.
आमच्या घरात चौदा पायऱ्या,
पायऱ्यांच्या कडेनं रूळ, रुळावर खुर्ची,
खुर्चीत मी, एफी, वय एक्याऐंशी,
आणि खाली कठडा धरून लॉकलन,
ज्यानं बत्तीस जहाजांची इंजिनं बसवली
आणि आता ज्याच्या हाताखाली उरलंय
एका म्हातारीपुरतं हे एवढंच जहाज.

शुक्रवार म्हणजे तपासणी.
आधी मुख्य बटण बंद. "बंद म्हणजे बंद, एफी!"
जसं काही मी मागून जाऊन चालूच करणार आहे.
मग कोरडं फडकं, खालपासून वरपर्यंत,
पायरी पायरी गुडघे टेकत.
मला मागणी घालतानासुद्धा
हा माणूस गुडघ्यावर बसला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी त्यानं तेल दिलं होतं रुळाला,
गोदीतल्या जुन्या डब्यातलं, काळं.
आठवड्याभरात त्यावर घरची सगळी धूळ, मांजराचे केस,
आणि खुर्ची दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागली.
कंपनीची शोना आली, पोरगीच,
रुळावरून बोट फिरवून त्याच्या नाकासमोर धरलं.
मी म्हटलं, तेल घालायचंच तर डोळ्यांत घाल, बाबा.

तेव्हापासून सगळं नियमानं.
पट्ट्याचा खटका तीनदा.
वर पोचल्यावर खुर्ची वळून घट्ट बसते का.
पायपट्टीच्या वाटेत स्वतःचा जोडा:
अडली की थांबायला हवी. थांबते.
आणि रात्री खुर्ची टोकालाच उभी,
मध्ये सोडली तर बॅटरी उपाशी राहते
आणि भुकेल्या पिल्लासारखी पहाटेपर्यंत पीं-पीं करते.

मार्चमध्ये मात्र ती नवव्या पायरीवर अडली.
पायपट्टीखाली पाना. त्याचाच, विसरलेला.
तो धावत आला, म्हणजे त्याच्या परीनं धावत,
पाना खिशात टाकला आणि छताकडे बघत राहिला.
तेवढा वेळ मी, पट्टा बांधलेली,
जिन्यातल्या खिडकीसमोर.

चाळीस वर्षं चढले हा जिना,
कडेवर पोर, हातात धुणं, नजर पायरीवर.
इथून क्लाइड दिसते
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
एक फेरीबोट पलीकडे निघाली होती,
मागे पांढरा टाका घालत.

आता रोज संध्याकाळी नवव्या पायरीवर
माझं बोट बटणावरून निसटतं.
"परत थांबली?"
"थांबली."
तो टॉर्च आणतो, वही आणतो,
चाकं, वायर, कडा. काही म्हणजे काही सापडत नाही.
शोनाला बोलावलं. तिनं सगळं उघडून पाहिलं,
मग मला पाहिलं, मग खिडकीला,
आणि कागदावर लिहिलं:
यंत्र ठीक. लक्ष ठेवावे.

ठेवतो तो. डोळ्यांत तेल घालून.
आज वर जाताना दिसलं,
खिडकीची काच पुसलेली आहे,
आतून, बाहेरून,
कोरड्या फडक्यानं.