आधी तुम्ही

रामकुंडाच्या खालच्या पायरीवर वैजंता.
फुटक्या स्पीकरचं चुंबक, लांब दोरी,
आणि पोलादी रुपयांची ओली थैली.
पितळी पाचाचं नाणं चुंबकाला भीक घालत नाही.
"ते गंगेचं," म्हणते. "बाकीचं माझं."

मी सदतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसात
नोटांवरचे आकडे तपासले.
मला न विचारता एक आकडा पुढे सरकला नाही.

"काका, खेळता? तुम्ही तीन सांगा, मी तीन सांगते,
मग नाणं उडवत राहायचं.
ज्याचे तीन ओळीनं आधी पडतील
त्याची चिवड्याची पुडी.
आधी तुम्ही. तुम्ही मोठे."

काय वळण आहे पोरीला, म्हटलं मनात.

"छापा, छापा, छापा," मी. सरकारी माणूस.
"काटा, छापा, छापा," ती, दोरी गुंडाळत.
पुडी गेली.
मी बदलून पाहिलं. छापा, छापा, काटा.
ती जागची हलली नाही. पुडी गेली.
छापा, काटा, काटा. पुडी गेली.
संध्याकाळपर्यंत तिच्या धाकट्या भावाचं पोट दुखायला लागलं.

रात्री दिनदर्शिकेच्या पाठीमागे,
दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी,
मी मांडत बसलो.
दोन वाजता सापडलं तिचं वळण:
समोरच्याचं मधलं उलटं करायचं, पुढे लावायचं,
त्याचं शेवटचं सोडून द्यायचं.
एवढंच. म्हणून आधी तुम्ही.

आणि त्याहून वाईट सापडलं.
शेरास सव्वाशेर, हे ठाऊक होतं.
सव्वाशेराला दीडशेर, दीडशेराला पावणेदोन,
हेही समजू शकतो.
पण इथे पावणेदोनशेराला
पुन्हा तो पहिलाच शेर आडवा करतो!
मोठा कोण, विचारायची सोयच नाही.
सेवाज्येष्ठतेची यादी ज्यानं आयुष्यभर जपली
त्याला हे रात्री दोनला कळू नये.

दुसऱ्या दिवशी पुडी पुढ्यात ठेवून म्हटलं, "आधी तू."
"छे, काका. तुम्ही मोठे."
"तू लहान. लहानांचे लाड."
"पाहुण्यांचा मान."
असे आम्ही दोघं, भलते सुसंस्कृत,
आरतीची वेळ होईतो एकही नाणं न उडवता.
पलीकडे दुतोंड्या मारुती
दोन्हीकडे तोंड करून उभा.
याला उडवला तर काटा पडणारच नाही कधी,
असं काहीसं ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

मग दोरी बाजूला ठेवली.
"बरं. आज मी आधी. छापा, छापा, काटा."

माझा आवाज थोडा कापला असेल.
"काटा, छापा, छापा."
चारातले तीन डाव माझे. पक्के. सहीशिक्क्यासह.

पहिला छापा.
दुसरा छापा.
तिच्याही आधी मला कळलं.
आता माझी वाट बंद.
आता कितीही छापे पडोत,
काटा पडायचा तो आज ना उद्या पडणार,
आणि पडला की तिचा.

तिसरा छापा. चौथा. पाचवा.
नाणंसुद्धा चेष्टा करतंय म्हातारपणाची.
सहाव्याला काटा.

गणित बरोबर होतं, मी पुन्हा तपासलंय,
दिनदर्शिका अजून आहे.
पुडी तिनं फोडली, मूठभर माझ्या हातावर ठेवली,
वरचा कांदा स्वतःकडे ओढून घेतला.

तेवढ्यात पुलावरून कुणीतरी नवस टाकला.
चमकला, फिरला, बुडला.
छापा की काटा, कुणी पाहिलं नाही.
वैजंतानं दोरी सोडली.
"बोला काका," म्हणाली, "चिकटेल का नाही?
आधी तुम्ही."