लाइन क्लिअर

मे महिना, धंतोली, दुसरा मजला.
खाली रस्त्यावर डांबर चप्पल धरून ठेवतंय,
आणि इथे ही पोरगी माझ्या हातावर
गरम पाण्याची पिशवी ठेवते.
"एसीनं हात गार पडला, काका.
गार हातात नस हळू चालते,
मग मशीन खोटं बोलते."
कोटावर तिचं नाव, प्रणिता वासनिक.
कागदावर माझं: निखारे पुंडलिक, त्रेसष्ट,
करंगळी बधिर, पक्कड सुटते.

"करंट लागेल थोडासा. घाबरू नका जी."
मी हसलो.
बत्तीस वर्षं खांबावर काढली, बाई,
अकरा हजाराच्या तारेखाली बसून डबा खाल्ला.
तरी पहिला झटका बसला
तशी करंगळी माझ्याआधी उठून उभी राहिली,
वर्गात नाव न घेताच एखादं पोर उठतं तशी.

मनगटाशी टेकवते, मग कोपराच्या खाली,
मग वर. टेपने अंतर मोजते,
पेनाने कातडीवर खूण करते.
असाच आम्ही फॉल्ट शोधायचो,
अर्धी लाइन तोडून,
इकडे आहे का, तिकडे आहे का.
हुडकेश्वरच्या फीडरवर एकदा अख्खी रात्र.
मोतीराम पुढे टॉर्च घेऊन, मागे मी, खांद्यावर शिडी.

कोपराखाली सेकंदाला छप्पन मीटर.
कोपर ओलांडताना चौतीस.
"इथं आहे," म्हणाली, आणि बोट ठेवलं
त्या हाडापाशी, जे लहानपणी आपटलं की
हसावं का रडावं कळायचं नाही.

मग डॉक्टर आले, सुई घेऊन.
अंगठ्याजवळच्या खळग्यात. तिथे आधी मांस होतं.
"हात सैल सोडा. अजून सैल."
सोडला.
स्पीकरमधून टक टक टक,
रिकाम्या घरात विसरलेलं घड्याळ.
मी काहीच करत नव्हतो.
"निरोगी स्नायू विश्रांतीत गप्प असतो," ते म्हणाले.
"याला वरून निरोप पोचत नाही,
म्हणून हा आपला आपणच बोलत बसतो."

"कोपर फार वेळ वाकवून ठेवता का?"
नाही म्हणणार होतो.
मग फोन आठवला.
रोज रात्री नऊ ते दहा, उजव्या कानाला,
कोपर खिडकीच्या कठड्यावर.
पलीकडे कामठीत मोतीराम.
त्याचा फोन त्याची बायको कानाशी धरते,
चौऱ्याण्णवपासून त्याला दोन्ही हात नाहीत.

आम्ही सगळं बोलतो.
पेन्शन, नातीचं लग्न, कूलरचा खस,
कुठला ट्रान्सफॉर्मर कुठल्या वादळात गेला.
फक्त त्या दुपारचं नाही.
लाइन क्लिअर आहे, चढ,
असं खालून कोण म्हणालं होतं, ते नाही.
तोही विचारत नाही.

"स्पीकरवर बोला," डॉक्टर म्हणाले,
"सहा आठवडे. मग बघू, ऑपरेशन लागतं का."
प्रणिताने जेल पुसायला कापूस दिला.
"झटके छान सोसले, काका."

रात्री नऊला फोन वाजला.
स्पीकर लावला, तर आधी
यशोदाबाईंचा श्वास ऐकू आला,
अगदी जवळ, खोलीभर.
इतकी वर्षं त्या तिथेच होत्या.
स्पीकर बंद केला,
फोन डाव्या हातात घेतला. डाव्या कानाला
त्याचा आवाज परका लागला.

"बोल ना बे," तो म्हणाला. "लाइन गेली का?"
"चालू आहे," म्हटलं.
"लाइन चालू आहे, मोतीराम."

मग बराच वेळ दोघंही गप्प.